कोळसा, मार्क आणि मोपेड : जर्मनीच्या उभारणीमागे फिरताना

शनिवार, फ्रँकफर्ट

फ्रँकफर्टला बहुतेक जण विमान बदलण्यापुरतेच उतरतात. मी ठरवून इथून सुरुवात केली, कारण महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीचा पैसा इथूनच देशभर गेला. टाउनुसआनलागे ही शहराच्या मधोमध बागेची लांबट पट्टी, आजूबाजूला बँकांचे मनोरे. इथल्या जुन्या राइश्सबँकेच्या, म्हणजे युद्धाआधीच्या मध्यवर्ती बँकेच्या, इमारतीत 1948 मध्ये सुमारे 23,000 लाकडी पेट्या गुपचूप आणून ठेवल्या होत्या. आत अमेरिकेत छापलेल्या नव्या नोटा. तिकडे कासेलजवळ रोटवेस्टेनच्या लष्करी छावणीत जर्मन अर्थतज्ज्ञांना सात आठवडे जवळजवळ कोंडून ठेवून नव्या चलनाच्या कायद्यांचे मसुदे करून घेतले जात होते. देखरेखीला एडवर्ड टेनेनबाउम हा अवघा सव्वीस वर्षांचा अमेरिकन अधिकारी.

रविवार, 20 जून 1948 रोजी लोक रांगा लावून उभे राहिले. माणशी 40 नवे मार्क मिळाले, पुढे आणखी 20. पगार, भाडं आणि पेन्शन एकास एक राहिलं. बँकेतल्या शिल्लकीला मात्र शंभर जुन्या मार्कांमागे साडेसहा नवे. पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या हजार मार्कांचे पासष्ट झाले, आणि ज्याच्याकडे कारखाना, जमीन किंवा शेअर होते त्याच्या मालमत्तेला धक्का लागला नाही. 1952 च्या कायद्याने मालमत्तावाल्यांकडून थोडंफार वसूल करून नुकसान झालेल्यांना दिलं, तेही अनेक वर्षांच्या हप्त्यांनी.

लुडविग एरहार्ड तेव्हा अमेरिकन-ब्रिटिश विभागाच्या अर्थखात्याचे प्रमुख होते. नोटा बदलताच त्यांनी बऱ्याचशा वस्तूंवरचं भावनियंत्रण उठवलं. धान्य, कोळसा, पोलाद, घरभाडं यांना हात लावला नाही. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचेमागे भांडी, बूट, सायकली सगळं दिसायला लागलं. माल होताच, खऱ्या पैशाची वाट बघत तो दडवून ठेवला होता. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं बीकॉमच्या वर्गात शिकवली. पण पाठ्यपुस्तकं त्यापुढचं पान गाळतात. भाव भडकले, पगार जागच्या जागी राहिले, आणि 12 नोव्हेंबर 1948 ला 90 लाखांहून जास्त कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवलं. 1950 मध्ये बेकारी अकरा टक्क्यांच्या घरात होती. ती ओसरली ती कोरियन युद्धाने जगभर यंत्रांची मागणी वाढली तेव्हा.

दुपारी भाचा मला केएफडब्ल्यू बँकेच्या कचेरीपाशी घेऊन गेला. मार्शल योजनेतून पश्चिम जर्मनीला सुमारे 1.4 अब्ज डॉलर मिळाले. ती मदत मालाच्या रूपात यायची. माल घेणारा जर्मन व्यापारी त्याचे पैसे मार्कांत भरायचा, ते एका निधीत जमायचे आणि ही बँक त्यातून वीजकेंद्रं, खाणी, घरबांधणीला कर्ज द्यायची. कर्ज फिटलं की तेच पैसे पुढच्याला.

"मावशी, आमच्या घराच्या भिंतींना थंडीसाठी अस्तर लावलं ना, ते कर्ज याच बँकेचं," भाचा म्हणाला.

तो निधी आजही चालू आहे. एकदाच खर्चून संपवला असता तर मदत आली आणि गेली एवढंच उरलं असतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. 27 फेब्रुवारी 1953 च्या लंडन करारात जर्मनीचं जुनं परदेशी कर्ज जवळपास निम्मं माफ झालं, आणि उरलेल्याचे हप्ते निर्यातीच्या कमाईतून झेपतील असे बांधून दिले गेले. व्याजाचा काही भाग तर देश एक झाल्यावर द्यायचा ठरला, त्याचा शेवटचा हप्ता 3 ऑक्टोबर 2010 ला गेला. कर्जबुडव्या म्हणून ज्याला वाळीत टाकता आलं असतं, त्याला सावकारांनी उभं राहायला वेळ दिला. या प्रवासात मी हीच एक गोष्ट पाहत होते : कोणाला वेळ मिळाला आणि कोणाला नाही.

रविवार, बॉन आणि कलोन

ऱ्हाईनच्या काठाकाठाने जाणारी गाडी घेतली. बॉन ही चाळीस वर्षांची राजधानी अजूनही एखाद्या शांत जिल्ह्याच्या गावासारखी वाटते. सरकारी वस्तीत फार वेळ घालवला नाही.

मला ओढ होती एका मोपेडच्या गोष्टीची. 10 सप्टेंबर 1964 ला कलोनच्या डॉइट्झ स्थानकात पोर्तुगालहून खास गाडी आली. फलाटावर बँड, पत्रकार, मालकसंघटनेचे लोक. कर्ण्यावरून एक नाव पुकारलं गेलं : आरमांडो रोड्रिगेस द सा. 38 वर्षांचा सुतार, डोक्यावर टोपी, चेहरा भांबावलेला. परदेशातून कामाला आलेला तो दहा लाखावा पाहुणा कामगार ठरला होता. त्याला फुलांचा गुच्छ आणि एक झुंडाप मोपेड दिली. त्या क्षणाचा फोटो जर्मनीतल्या प्रत्येक शाळकरी मुलाने पाहिलेला असतो. मोपेड पुढे बॉनच्या हाऊस डेर गेशिष्टे या इतिहास संग्रहालयाने त्याच्या बायकोकडून घेतली.

फोटोनंतरची हकिकत अशी की हा माणूस आजारी पडून गावी परतला आणि 1979 मध्ये पोटाच्या कॅन्सरने गेला. जर्मनीत राबून साठवलेली पुंजी उपचारात संपली. जर्मन आजारविम्यातून आपल्याला पैसे मिळू शकतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

डॉइट्झच्या फलाटावर मी बराच वेळ थांबले. लोकल येत होत्या, जात होत्या. 1950 च्या दशकात दरवर्षी सरासरी आठ टक्क्यांनी वाढणाऱ्या या देशाला आधी पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या लाखो जर्मनांचे हात मिळाले, मग पूर्व जर्मनीतून पळून येणाऱ्यांचे. 1961 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि ती वाट बंद झाली. इटलीशी 1955 मध्येच करार झाला होता, 1960 मध्ये स्पेन आणि ग्रीस, 1961 मध्ये तुर्कस्तान. इस्तंबूलमध्ये डॉक्टर दात, डोळे, फुप्फुसं तपासून माणसं निवडत. 1973 च्या नोव्हेंबरमध्ये भरती थांबवली. तोवर सुमारे 1 कोटी 40 लाख लोक आले आणि त्यांतले 1 कोटी 10 लाख परत गेले. जे राहिले त्यांनी बायकामुलं आणली. आज स्थानकाबाहेर चहा प्यायले त्या दुकानाच्या काउंटरवर त्यांचीच कोणीतरी नात असावी. ती कलोनच्या खास हेलातच जर्मन बोलत होती.

सोमवार, एसेन

त्सोलफेराइन खाणीचा मनोरा आधी दिसतो. लाल रंगाचा, 55 मीटर उंच, दोन्ही बाजूंना पाय फाकून उभा. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुरचनाकारांनी बांधलेली ही बारावी विहीर, म्हणजे खाणीत उतरायचा उभा बोगदा, 1932 मध्ये सुरू झाली. दिवसाला 12,000 टन कोळसा इथून वर यायचा. 23 डिसेंबर 1986 ला शेवटची पाळी झाली आणि 2001 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं.

आम्हाला हिंडवणारे गृहस्थ स्वतः शेजारच्या एका खाणीत उतरलेले. साठी ओलांडलेली, मनगटं अजून जाडजूड. भेटताच "ग्लुक आउफ" म्हणाले. खाणकामगारांचा हा रामराम, सुखरूप वर या असं सांगणारा. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर संग्रहालय आहे. रूर म्हणजे एसेनच्या आसपासचा हा कोळसा-पोलादाचा पट्टा. आत जायचा जिना नारिंगी दिव्यांनी असा उजळलेला की वितळलेल्या लोखंडाचा ओघळ वाटावा. तिथे उभं राहून त्यांनी आंघोळीच्या खोलीची पद्धत समजावली. पाळीवर आलेला माणूस घरचे कपडे आकड्याला अडकवायचा, साखळी ओढायची, कपडे छतापर्यंत वर, साखळीला कुलूप. परत आल्यावर काळे कपडे वर, स्वच्छ कपडे खाली. खांदा ताणून, साखळी दोन्ही हातांनी खेचून त्यांनी हवेतच दाखवलं. "पाठ मात्र दुसऱ्याकडून घासून घ्यावी लागते. तिथे मग जर्मन, तुर्की, पोलिश कोण कुठला हे कळत नाही, सगळे काळे." ती खोली आता नृत्यकेंद्र आहे, भिंतींना पांढऱ्या टाइल्स तशाच.

कोळशाचं संकट 1958 मध्ये आलं. तेल स्वस्त झालं होतं, आणि अमेरिकेचा कोळसा समुद्र ओलांडूनही इथल्यापेक्षा स्वस्त पडत होता. खाणीच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे डोंगर साचले. आदल्याच वर्षी पश्चिम जर्मनीत सहा लाखांच्या आसपास खाणकामगार होते. 26 सप्टेंबर 1959 ला त्यांतले 60,000 जण काळे झेंडे घेऊन बॉनला गेले. पुढे जे झालं ते मला जर्मनीच्या भरभराटीपेक्षाही मोलाचं वाटतं. 1951 च्या कायद्याने खाण आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळांवर निम्मे सदस्य कामगारांचे होते, त्यामुळे कुठली खाण कधी बंद करायची ही चर्चा त्यांना बाजूला ठेवून होऊच शकत नव्हती. 1968 मध्ये बहुतेक खाणी रूरकोले या एका कंपनीखाली आणल्या. एक विहीर बंद झाली की माणसं दुसरीकडे घ्यायची, पन्नाशीला आलेल्यांना निर्वाह भत्ता देऊन घरी पाठवायचं, तरुणांना दुसरं काम शिकवायचं. रूरमध्ये तोवर एकही विद्यापीठ नव्हतं. 1965 मध्ये बोखुमला पहिलं सुरू झालं.

"तुम्हाला कामावरून काढलं का?" मी विचारलं.

"आमच्यात कोणालाच काढलं नाही. मी पन्नासाव्या वर्षी वर आलो. माझा भाऊ नगरपालिकेच्या बागांमध्ये गेला. मुलगी शिक्षिका आहे." थोडं थांबून म्हणाले, "पण कामाची सोबत गेली ती गेलीच, बाई."

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख माणसं उतरली आणि बहुतेकांना ना काम परत मिळालं ना देणी. त्या जमिनींवर आता काय उभं आहे ते मुंबईकराला सांगायला नको. म्हणून त्सोलफेराइनच्या अंगणात, रुळांमधून उगवलेल्या बर्चच्या झाडांखाली शाळेची मुलं डबे खात बसलेली पाहून माझ्या घशाशी आवंढा आला. जागा त्यांचीच राहिली आहे.

अर्थात याची किंमत प्रचंड होती. दशकानुदशकं अनुदानं ओतली गेली. 1974 च्या कायद्याने प्रत्येक घराच्या वीजबिलावर कोळशासाठी अधिभार बसला, तो शेवटी घटनात्मक न्यायालयाने रद्द ठरवला. उद्याच्या धंद्यांत घालता आला असता तो पैसा कालच्या धंद्यात गेला, असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ चुकीचे नाहीत.

मंगळवार, बोट्रोप आणि डॉर्टमुंड

बोट्रोपच्या प्रोस्पर-हानिएल खाणीतून 21 डिसेंबर 2018 ला शेवटचा कोळसा वर आला आणि राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला गेला. संकट सुरू झालं तेव्हापासून साठ वर्षं. गावाबाहेर खाणीच्या दगडमातीच्या टेकडीवर पोलादी त्रिकोणी मनोरा आहे, त्यावर चढून गेले. वारा असा की कठडा सोडवेना. खाली सगळं हिरवं. हा भाग पोखरल्यामुळे काही ठिकाणी जमीन वीस मीटरहून जास्त खचली आहे. पंप थांबले तर पाणी साचून तळी होतील, म्हणून ते कायम चालू ठेवावे लागतात. त्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान आहे. एम्शर नदीला शंभर वर्षं उघडं गटार करून ठेवलं होतं, तिच्यातलं सांडपाणी 2021 च्या अखेरीला पूर्णपणे जमिनीखालच्या वाहिन्यांत गेलं.

संध्याकाळी डॉर्टमुंडच्या ह्योर्डे भागात. इथे फिनिक्स पोलाद कारखाना होता, पूर्वी ह्योश कंपनीचा. 2001 मध्ये भट्टी विझली, चिनी कंपनीने कारखाना विकत घेतला, सुमारे हजार चिनी कामगार आले आणि सगळा सुटा करून यांगत्सेकाठी घेऊन गेले. उरलेल्या खड्ड्यात 2010 पासून पाणी सोडलं. आता 24 हेक्टरचं तळं, काठावर महागडी घरं आणि आठवण म्हणून ठेवलेलं एक अवाढव्य थॉमस पात्र, म्हणजे लोखंडाचं पोलाद करायचं भांडं. तळं सुंदर आहे. पण दोन गल्ल्या मागे गेलं की जुन्या ह्योर्डेत भिंतींचे पोपडे निघालेले दिसतात, आणि कारखान्यात ज्यांनी घाम गाळला त्यांच्यापैकी थोड्यांनाच काठावरचं घर परवडलं असेल. रूरची सगळीच गोष्ट गोड नाही. बोखुमची ओपेल मोटार फॅक्टरी खाणींची जागा भरायला 1962 मध्ये आली आणि 2014 मध्ये तीही गेली.

बुधवार, वोल्फ्सबर्ग

गाडी स्थानकात शिरताना कालव्यापलीकडे फोक्सवॅगनचं विटकरी वीजघर आणि त्याची चार धुराडी दिसतात. हे गाव 1938 मध्ये हिटलरच्या जनतेच्या मोटारीसाठी वसवलं गेलं, आणि युद्धकाळात इथे हजारो वेठबिगार राबवले गेले. ती बाजू सांगितल्याशिवाय पुढचं यश सांगू नये. 1945 मध्ये मेजर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याने मोडका कारखाना ताब्यात घेऊन ब्रिटिश सैन्यासाठी गाड्या बनवायला घेतल्या. 1948 पासून हाइनरिश नोर्डहोफ प्रमुख झाले आणि 5 ऑगस्ट 1955 ला दहा लाखावी बीटल बाहेर पडली. कारखाना उभारताना नाझींनी कामगार संघटनांचा जप्त केलेला पैसा वापरला होता, त्यामुळे युद्धानंतर इथे संघटनांचा शब्द वजनदार राहिला. आजही लोअर सॅक्सनी राज्याचे वीस टक्के मतहक्क आहेत.

1993 मध्ये 30,000 नोकऱ्या जादा ठरल्या तेव्हा कंपनी आणि संघटनेने मिळून आठवडा 28.8 तासांचा केला. सगळ्यांनी थोडं कमी कमवायचं, पण कोणी घरी बसायचं नाही. डिसेंबर 2024 च्या कराराने 2030 पर्यंत 35,000 पदं कमी होतील, तीही सक्तीने न काढता. विद्युत गाड्या, चिनी स्पर्धा आणि महाग वीज यांच्यापुढे हा वेळकाढू मार्ग टिकेल का, याची चिंता गावात जाणवते. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेला तरुण इंजिनिअर चाकणच्या कारखान्यात दोन वर्षं राहून आलेला निघाला. मिसळीची आठवण काढत होता.

गुरुवार, आयझेनह्युटेनश्टाट

बर्लिनहून पूर्वेला, ओडर नदीवरच्या दुसऱ्या फ्रँकफर्टवरून. पोलंडची सीमा हाकेच्या अंतरावर. पूर्व जर्मनीला रूरचं पोलाद मिळेना म्हणून 1950 मध्ये माळरानावर कारखाना आणि त्यासोबत अख्खं नवं शहर वसवलं. 1953 ते 1961 त्याचं नाव स्टालिनश्टाट होतं. खनिज युक्रेनमधून, भट्टीसाठीचा कोक कोळसा पोलंडमधून. पूर्वेची सुरुवातच तोट्यात झाली होती : सोव्हिएत सैन्याने भरपाई म्हणून यंत्रंच काय, रेल्वेचे दुसरे रूळही उखडून नेले होते, आणि मार्शल योजना इथवर आलीच नाही.

रस्ते रुंद, कमानींची घरं, अंगणांत कारंजी. कामगारांसाठी इतकं विचारपूर्वक बांधलेलं शहर मी पाहिलं नव्हतं. पण माणसं दिसेनात. 1980 च्या दशकाअखेर इथे पन्नास हजारांवर वस्ती होती, आज निम्म्याहून कमी. कितीतरी इमारती पाडून तिथे गवत लावलं आहे. कारखाना वाचला, आज तो आर्सेलरमित्तलचा आहे, पण एके काळी बारा हजार माणसांना काम देणारा आता त्याच्या चौथाईलाही देत नाही. आणि हे पूर्वेतलं नशीबवान गाव.

शुक्रवार, बर्लिन

विल्हेल्मश्ट्रासे आणि लाइपझिगरश्ट्रासेच्या कोपऱ्यावरची करडी इमारत. गोअरिंगचं विमानखातं, मग पूर्व जर्मनीची मंत्रालयं, 16 आणि 17 जून 1953 ला वाढीव कामाच्या प्रमाणाविरुद्ध कामगार इथेच जमले होते. आता जर्मनीचं अर्थमंत्रालय. मधल्या काळात, 1991 पासून, इथे ट्रॉयहांटचं मुख्यालय होतं. पूर्व जर्मनीचे सगळे सरकारी कारखाने विकायला नेमलेली ही संस्था : सुमारे 8,500 कंपन्या, 40 लाख कामगार.

इमारतीला डेटलेव्ह रोवेडर यांचं नाव आहे. ते आधी डॉर्टमुंडच्या ह्योशचे प्रमुख होते, म्हणजे मंगळवारी पाहिलेल्या त्याच कारखान्याचे. पोलाद धंदा कसा आटोपता घ्यायचा हे जाणणारा माणूस. विकण्याआधी कंपन्या सावरायला हव्यात असं ते म्हणत. 1 एप्रिल 1991 ला ड्युसेलडोर्फच्या घरी खिडकीतून गोळ्या घालून त्यांचा खून झाला. मारेकरी आजवर सापडला नाही. त्यांच्यामागून बिर्गिट ब्रॉयल आल्या आणि विक्रीचा वेग वाढला. 1994 च्या अखेरीला संस्था बंद. रोवेडर यांनी सुरुवातीला मालमत्तेचा अंदाज 600 अब्ज मार्क सांगितला होता, शेवटी 250 अब्जांच्या वर तोटा उरला.

मूळ घाव आधीच बसला होता. 1 जुलै 1990 ला पूर्वेचे पगार एकास एक पश्चिमी मार्कांत बदलले. लोकांना तेच हवं होतं, आणि ते नाकारणं कोणत्याही सरकारला जमलं नसतं. पण निर्यातीच्या हिशेबात पूर्वेचा मार्क पाव मार्काच्याही खाली होता. म्हणजे एका रात्रीत कारखान्याचा खर्च चौपट, आणि पूर्व युरोपचं गिऱ्हाईक गायब.

फुटपाथवर उभी राहून मला थुरिंगियातलं बिशोफरोडं आठवत होतं. तिथली पोटॅश खाण बंद करायचा निर्णय आला तेव्हा 1993 च्या उन्हाळ्यात खाणकामगारांनी अन्नत्याग केला. देशभरातून पाठिंबा आला, ते बर्लिनलाही येऊन गेले. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला खाण बंद झाली. एकाच देशात, त्याच काळात, रूरच्या कोळशाला अनुदान चालू होतं आणि तिथली शेवटची खाण आणखी पंचवीस वर्षं चालणार होती. पूर्वेचा कामगार ही तुलना विसरलेला नाही. रस्ते, टेलिफोन, पेन्शन, इस्पितळं यांवर पश्चिमेने अफाट पैसा ओतला हे खरं, आणि पूर्वेचे अनेक कारखाने खरोखरच मोडीत निघण्याच्या लायकीचे होते हेही खरं. सगळंच साठ वर्षं पोसणं कोणालाच परवडलं नसतं. पण चार वर्षांत हजारो कंपन्यांचा सौदा उरकताना कुठली सावरता आली असती हे बघायलाही सवड उरली नाही. माझ्या मते पंधरा वर्षं तरी द्यायला हवी होती, आणि मंडळावर निम्म्या खुर्च्या तिथल्या कामगारांना.